बोलू नका, फोन ऐकतोय

मंगळवार, ७ जानेवारी

बॅटरी नव्हतीच! मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

अकराच्या सुमाराला एक बाई दुकानात आली. पांढरा कोट पिशवीत कोंबलेला, डोळे तारवटलेले – रात्रपाळी संपवून थेट आलेली नर्स. "ताई, फोन दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. खिशात ठेवला की चटका बसतो." दोन दुकानांत दाखवून झालेलं. दोघांनीही बॅटरी बदलून दिलेली. मी फोन नुसता तळहातावर ठेवला. स्क्रीन बंद, कुणी हात लावलेला नाही, आणि पाठ कोमट. झोपेचं सोंग घेतलेल्या माणसासारखा!

आत शिरून बॅटरी कोण खातंय ते पाहिलं. सगळ्यात वर एक नाव – 'सिस्टिम सेवा'. चिन्ह नाही, काही नाही. परवानग्या मात्र सगळ्या: माइक, कॅमेरा, मेसेज, ठिकाण. आणि घातल्याची तारीख सप्टेंबरातली, सकाळी सहाची. फोनबरोबर कारखान्यातून आलेली गोष्ट तीन वर्षांनी पहाटे उठून आत कशी येईल?

"अहो, तुमच्या फोनमध्ये –" एवढं ओठांवर आलं होतं. गिळलं! माइक चालू होता ना. पावतीच्या मागे लिहिलं: 'बोलू नका. फोन ऐकतोय.' आणि तोंडाने मोठ्याने, "काही नाही हो, चार्जिंगच्या तोंडात कचरा बसलाय. साफ करते, बसा जरा."

तिने वाचलं. परत वाचलं. मग खुर्चीचा हात घट्ट धरला.

फोन खणात ठेवला, शेजारी रेडिओ लावून दिला, आणि तिला बाजूच्या चष्मेवाल्या काकांच्या दुकानात नेलं. काकांनी काही न विचारता आतली खोली उघडून दिली. तिथे, अक्षरांच्या तक्त्याखाली बसून तिने सांगितलं. नवऱ्याला सोडून चार महिने झाले. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहते. पण तो सगळीकडे हजर! दातांच्या दवाखान्यात. बाजारात. एकदा ती चुकीच्या स्टॉपवर उतरली. "चुकून उतरले होते हो मी! मलाच माहीत नव्हतं. आणि तो समोर उभा."

तिला वाटलं, मैत्रीण सांगते त्याला. पंधरा वर्षांची मैत्रीण. तिला तोंडावर फितूर म्हणाली, घरातून घालवून दिलं. हे सांगताना मात्र रडली. नवऱ्याचं सांगताना नव्हती रडली.

म्हणाली, "आत्ताच्या आत्ता काढून टाका ते." मी म्हटलं, नाही. काढलं की त्याला कळणार. आणि पुरावा गेला. पुसायला काय, कुणीही पुसेल. न पुसता थांबायला अक्कल लागते! आजच्या दिवसात मला सगळ्यात जास्त अभिमान याचा आहे.

मग दुकानात परत येऊन, तोंडातून चकार शब्द न काढता एकेका स्क्रीनचे फोटो काढले माझ्या कॅमेऱ्याने, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून. रजिस्टरमध्ये नोंद, तिची सही, माझी सही, काकांची सही. फोन होता तसा तिला परत दिला. महत्त्वाचं बोलायला दुसरा साधा बटणांचा फोन दिला.

बुधवार, ८ जानेवारी

दुकान बंद करताना कुलूप तीनदा ओढून पाहिलं. घाबरले नाही. नुसतं पाहिलं.

शुक्रवार, १० जानेवारी

आला!

फोन माझ्या दुकानात पाऊण तास होता, ते त्याला दिसलंच असणार. हे मी धरून चालले होते, पण इतक्या लवकर येईल असं नव्हतं वाटलं. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. रस्त्यात भेटला असता तर मी त्याला पत्ता विचारला असता, असा माणूस.

"ताई, माझ्या मिसेस मंगळवारी तुमच्याकडे आल्या होत्या. फोनला काय झालं होतं?"

मी एका फोनच्या बोर्डावर सोल्डरिंगचा डाग देत होते. हात थांबवला नाही. "दिवसाला चाळीस फोन येतात हो. कोणत्या मिसेस?"

त्याने वर्णन केलं. मी आठवल्यासारखं केलं. "हां, त्या! चार्जिंगच्या भोकात कापूस. पिशवीत ठेवतात ना. काढून दिला."

"आणखी काही नाही ना निघालं?"

"निघायला काय हवं होतं?" असं म्हणून मी पहिल्यांदा वर पाहिलं. त्याने नजर फिरवली. माझ्या काचेवरची कव्हरं बघायला लागला. "नाही, सहज. काळजी वाटते."

"मग एक कव्हर घेऊन जा त्यांच्यासाठी," म्हटलं. घेतलंन की हो! निळं.

गेल्यावर खाली बसले. काका आले, म्हणाले, "दोनदा उठून दारापर्यंत आलो होतो. पण तुझा आवाज ऐकला आणि म्हटलं, हिला माझी गरज नाही." ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सोमवार, १३ जानेवारी

चौकीत गेलो, ती आणि मी. टेबलामागच्या साहेबांनी फोटो उलटेसुलटे पाहिले. "नवरा-बायकोचं आहे. घरात मिटवा." मी म्हटलं, "साहेब, घर सोडलंय तिने, म्हणून तर आलोय." – "तुम्ही कोण?" – "मोबाईल दुरुस्त करते." हसले!

हसा.

तिथून एका वकीलबाईंकडे. त्यांनी फोटो, रजिस्टर सगळं एकदा नीट पाहिलं, चष्मा काढला. "तुम्ही काही पुसलं तर नाहीत ना?"

"नाही."

उठून हात मिळवला माझ्याशी. "दहातल्या नऊ जणी पुसून येतात. मग मी कोर्टात काय दाखवू, त्यांचे अश्रू?"

शनिवार, १८ जानेवारी

दुपारी नर्सबाई आली. सोबत एक उंच बाई, दोघींचे डोळे सुजलेले. मला कळलं कोण ते. नर्सबाईने काउंटरवरच्या फोटोंकडे बोट दाखवलं, "ताई, हिला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून सांगवत नाही मला."

मी सांगितलं. साध्या शब्दांत. मैत्रीण शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग तिच्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे फितूर तुझा फोन होता, गाढवे." आणि दोघी हसायला लागल्या, माझ्या दुकानात, गिऱ्हाईकं बघतायत तरी!

स्क्रीन बदलून दिली की ती उजळते, तेव्हा मला दर वेळी आनंद होतो. हा त्यातला नव्हता. हा वेगळाच.

गुरुवार, ३० जानेवारी

वकीलबाई म्हणतात, साक्षीला यावं लागेल. समोरचे वकील टोचून टोचून विचारतील.

ह्यांना सांगितलं. बस चालवून आलेले, पाय पाण्यात सोडून बसले होते. म्हणाले, "तुला काय टोचणार? कारखान्यात अकरा वर्षं केसाएवढ्या तारा जोडल्यास. बंद पडला तेव्हा मी म्हटलं घरी बस, तर हट्टाने दुकान काढलंस. मी चुकलो होतो तेव्हा." हे वाक्य मिळायला सहा वर्षं लागली! लिहून ठेवते, नाही म्हणायला नकोत नंतर.

सुनावणीच्या दिवशी रजा टाकतायत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

झाली साक्ष. सगळं लिहायचंय, हात पुरत नाहीये.

त्याच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न घातला – शिक्षण किती? "दहावी." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "म्हणजे दहावी शिकलेल्या बाईंच्या म्हणण्यावर आम्ही विश्वास ठेवायचा?"

मी म्हटलं, "माझ्यावर नका ठेवू. तारखांवर ठेवा." आणि फोटो एकेक करून पुढे केले. सप्टेंबरची पहाट. ती तेव्हा रात्रपाळीवर होती, हजेरीपटात सही आहे. फोन घरी, चार्जिंगला. घरात दुसरं कोण होतं?

न्यायाधीशबाईंनी मध्येच विचारलं, "हा फोन गरम का होत होता, ते मला समजेल असं सांगा." वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं, आपोआप आलं: "बाई, तो दोन माणसांची चाकरी करत होता. एक त्याला धरणारी आणि एक लांबून बघणारा. कुणीही तापेल."

त्यांनी लिहून घेतलं! मी पाहिलं पेन हलताना.

शेवटी तो स्वतः बोलला. नाकारलंच नाही त्याने. "काळजीपोटी केलं. दिवस वाईट आहेत. ती कुठे आहे एवढं कळलं की मला झोप लागायची." आवाज खराच दुखावलेला. वाटतं त्याला तसं, हेच तर वाईट. परत येताना वकीलबाई म्हणाल्या, "सगळे हेच म्हणतात."

मनाई हुकूम निघाला. तिच्या घरापाशी नाही, कामापाशी नाही, फोनवर नाही. फोन जप्त, तपासणीला. त्याच्यावर वेगळा गुन्हा नोंदवायचा हुकूम, आणि नोंदवून घ्यायला तेच हसणारे साहेब! आज उभे राहून बोलले माझ्याशी.

घरी आल्यावर लेकीला फोन केला. परगावी कॉलेजात आहे, होस्टेलला. सगळं सांगितलं. ती किंचाळलीच, "आई, तू भारी आहेस! मी सगळ्यांना सांगणारे!" ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तेच सगळं परत सांगितलं, थोडं वाढवून.

रविवार, २ मार्च

नर्सबाईच्या हॉस्पिटलच्या सभागृहात बोलावलं होतं. परिचारिका, सफाईवाल्या, स्वयंपाकघरातल्या, एक डॉक्टरीणसुद्धा. साठ-पासष्ट बायका. मला माइक दिला. मी आधी म्हटलं, "सगळ्यांनी आपापले फोन त्या कपाटात ठेवा, मग बोलू." हशा पिकला. पण ठेवले!

मग एकेकीला कागदावर शिकवलं. बॅटरी कोण खातंय ते कुठे बघायचं. परवानग्या कुठे. पासवर्ड नवऱ्याला, भावाला, सासूला का सांगायचा नाही. एक म्हातारी सफाईवाली म्हणाली, "पण मुलगाच फोन लावून देतो मला. त्याला नाही कसं म्हणू?" मी म्हटलं, "मावशी, लावून देऊ दे. मग त्याच्यासमोरच पासवर्ड बदला, हसत हसत."

चौदा फोन तपासले. दोघींच्यात सापडलं. एकीच्यात भावाने घातलेलं. पुसू दिलं नाही. दोघींना वकीलबाईंचा पत्ता दिला.

शेवटी नर्सबाईने सगळ्यांसमोर माझा हात वर केला, कुस्ती जिंकल्यासारखा. एवढ्या टाळ्या मला माझ्या लग्नातसुद्धा मिळाल्या नव्हत्या.

मंगळवार, ११ मार्च

लेक सुट्टीला आली. थेट दुकानातच. पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधी फोन माझ्यापुढे धरला. "साऱ्या जगाचे फोन तपासलेस म्हणे. माझा राहिलाय."

मी तो हातात घेतला. उघडायची गरज नव्हती. ती होस्टेलला निघाली त्या आठवड्यात, स्क्रीन बदलायच्या निमित्ताने, मीच घातलंय त्यात. ती कुठे आहे तेवढंच दिसतं. दीड वर्ष झालं. रोज सकाळी बघते, मगच चहा ठेवते. ह्यांना माहीत नाही. या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही.

काउंटरची फळी उचलून तिला आत घेतलं. माझ्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "मी दाखवते. तू काही बोलू नकोस. आधी बघ."