शून्याखालचं पाणी

बुध., ३० एप्रिल. आम्स्टरडॅम.

पोचलो. लेकाच्या गावाहून, नायमेखनहून, दीडेक तास गाडी. बाहेर सगळं सपाट, इतकं की गायी आकाशाला टेकलेल्या दिसतात.

मिलिंदने पाच दिवसांसाठी घेतलेलं घर कालव्यावर, चौथा मजला, लिफ्ट नाही. जिना नव्हे, शिडीच. कठड्याच्या जागी दोर. हे आज असते तर पहिल्या पायरीवर बसून राहिले असते. मी चढले. मिलिंद मागून "आई, सावकाश" म्हणत होता. वळून उत्तर द्यायलाही जागा नव्हती.

वर आल्यावर खिडकी उघडली. समोर घरांची रांग, प्रत्येक घर पुढे झुकलेलं, माथ्यावर तुळई आणि तिला लोखंडी आकडा. कपाट, पलंग, पियानो, सगळं बाहेरून दोराने ओढून खिडकीतून आत घेतात. म्हणून घरंच पुढे झुकवून बांधली, सामान भिंतीला घासू नये. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार केला. आणि हे सगळं चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे म्हणे. अख्खं शहर.

मैत्री खिडकीपासून लांब बसली. सात वर्षांची नात माझी, खरं तर कुठेही चढणारी. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. दहा तारखेला, शनिवारी, तिची पोहण्याची परीक्षा. इथे सक्ती नाही, पण ती न दिलेलं मूल वर्गात सापडत नाही. कपडे-बूट घालून पोहायचं, कारण कालव्यात पडणारा माणूस पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. पटलं मला. शिवाय पाण्याखाली ताडपत्री सोडलेली, तिला मोठं भोक, त्यातून पलीकडे निघायचं. बाकी सगळं तिला येतं. भोकापाशी येते आणि थांबते. तीन आठवडे हेच.

सून प्रज्ञा म्हणाली, "आई, सुट्टीत तो विषय नको."

काढला नाही. आज.

गुरु., १ मे.

महाराष्ट्र दिन. इथे कुणाला पत्ता नाही. सकाळी पोह्यांची फोडणी घातली आणि छताला लावलेली धुराची घंटा किंचाळायला लागली. मिलिंद खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होता. पोहे चांगले झाले.

चित्रांचं मोठं संग्रहालय. तीन तास. पाय गेले, पण बसवेना. चारशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या गळ्याची लेस, तिचा प्रत्येक टाका मोजता येईल अशी. दोनदा परत जाऊन पाहिली. राजे-राण्या फारशा नाहीत. कापडवाले, सावकार, म्हाताऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका. ह्या लोकांना आपली साधी माणसं भिंतीवर लावावीशी वाटली.

दुपारी होडीतून फेरी. पुलाखालून जाताना डोकं आपोआप खाली जातं. पाण्यावरून शहर वेगळंच. घरांची दारं आपल्या डोळ्यांच्या वर, झाडं त्याहून वर, आणि आपण तळाशी. एका ठिकाणी एकामागे एक पुलांच्या कमानी दिसतात. होडीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मीही.

मैत्री मधल्या बाकावर, दोन्ही हातांनी कड धरून. मी म्हटलं, "बुडत नाही ही होडी."

ती डचमध्ये काहीतरी म्हणाली. मिलिंदने मराठी करून सांगितलं, "होडीबद्दल नाही म्हणते."

मग कशाबद्दल, ते नाही सांगितलं.

शुक्र., २ मे.

आजचा दिवस माझा.

नगरपालिकेच्या इमारतीत खाली जमिनीत एक पितळी खुंटी आहे. तिचा माथा म्हणजे शून्य. ह्या देशातली प्रत्येक उंची तिथून मोजतात, घराची, रस्त्याची, बांधाची. शेजारी काचेच्या उंच नळ्या. दोनांत समुद्राचं आत्ताचं पाणी दाखवतात, भरती-ओहोटीबरोबर हलतं. तिसरीतलं पाणी बघायला मान मागे टाकावी लागते. सत्तरेक वर्षांपूर्वी एका रात्री बांध फुटले, त्या पुराची उंची. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर.

नाशकात पाटबंधारे खात्यात नोकरी केली. कालव्याला पाणी कधी सोडायचं, त्यातून फुटणाऱ्या कोणत्या चारीला किती दिवस, टेलच्या, शेवटच्या गावाला पोचलं की नाही, ह्यात आयुष्य गेलं. पाणी कुठून आणायचं हाच प्रश्न. इथे उलटा प्रश्न, पाणी बाहेर कसं ठेवायचं, आणि तो चुकला तर गाव उरत नाही. रात्रंदिवस उपसतात. ह्या शहरातल्या कालव्यांचं पाणीसुद्धा शून्याच्या खालीच धरून ठेवतात, बोटभर वर-खाली होऊ देत नाहीत. आमच्या साहेबांना इथे आणून उभं करायला हवं होतं. मी तिथे अर्धा तास उभी होते. रखवालदाराने दोनदा पाहिलं.

मिलिंद म्हणाला, "आई, तू देवळात उभी असल्यासारखी दिसतेस."

"देवळात मी कधी अशी उभी राहिले?"

"तेच म्हणतोय."

मैत्री त्या तिसऱ्या नळीजवळ गेली, काचेला नाक लावलं, मागे सरली.

परतताना मी नियम मोडला. म्हटलं, "पुढच्या शनिवारी काय करणार आहेस?" प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मैत्री माझा हात सोडून तिच्याकडे गेली.

शनि., ३ मे.

वाईट दिवस.

सकाळी प्रज्ञाच्या फोनवर पोहण्याच्या बाईंचा निरोप. इथे बाईंना मुलं युफ म्हणतात. प्रज्ञाने वाचला, परत वाचला, मिलिंदला दिला. मग मला मराठीत सांगितला. मैत्रीने युफना सांगितलंय की खोल पाण्यात गेलं की आमच्या घरच्या लोकांना मारतात. युफ विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना, काही बोलायचं आहे का.

मिलिंद म्हणाला, "हे कुठून आलं?"

मला कळलं होतं कुठून.

मार्चअखेरीस मी आले, तेव्हा तिने विचारलं होतं, आजी तुला पोहता का येत नाही? खरं ते सांगितलं. आपल्या लोकांना गावच्या पाण्याला हात लावायची बंदी होती. विहिरीपाशी जायचीसुद्धा. मग माझी आजी, पोरसवदा होती, महाडच्या तळ्यावर सगळ्यांबरोबर गेली, ओंजळीने पाणी प्याली. मैत्रीने विचारलं, मग? मी म्हटलं, मग परत जाताना लोकांनी मारलं. आजीच्या कपाळावरची खूण मी पाहिलेली आहे. तेही सांगितलं. हात लावून दाखवलं कुठे होती ती.

मला वाटलं, धैर्याची गोष्ट सांगते आहे.

मिलिंद म्हणाला, "सात वर्षांची आहे ती, आई."

"मग काय परीकथा सांगू?"

"शेवट तरी..."

"शेवट तोच होता."

प्रज्ञा मध्ये पडली. "आईंनी सांगितलं ते खरंच आहे. मलाही माझ्या आईने ह्याच वयात सांगितलं." मग मला म्हणाली, "पण आम्ही पुण्यात होतो, आई. शेजारी सगळे तेच ऐकत मोठे झालेले. हिच्या वर्गात ही एकटी आहे."



प्रज्ञाने युफना लांबलचक लिहिलं. मैत्रीला जवळ घेऊन दोघांनी समजावलं, असं इथे कुणी करत नाही, आता तिकडेही करत नाहीत. ती मान हलवत होती. मोठी माणसं थांबावीत म्हणून मुलं हलवतात तशी.

फुलांचा बाजार पाहिला म्हणे आम्ही. मला काही आठवत नाही.

रवि., ४ मे.

सकाळी लवकर उठले. खाली कालव्यात बांधलेल्या एका घरहोडीतून एक बाई बाहेर आली. माझ्याहून मोठी असेल, पांढरे केस, काळा पोहण्याचा पोशाख. शिडीने पाण्यात उतरली. बाहेर माणसं कोट घालून जात होती. ती पुलापर्यंत पोहून गेली, वळली, परत आली. पाणी तिच्यामागे फाटत होतं आणि मिटत होतं. एकही माणूस थांबून बघत नव्हता. मी सोडून.

कोपराला काहीतरी लागलं. मैत्री. पहिल्यांदाच खिडकीपाशी आली.

"तिला थंडी नाही वाजत?" मराठीत विचारलं. एरवी मराठीत बोलत नाही.

"वाजत असेल."

"मग?"

"तरी गेली."

बाई वर चढली, टॉवेल गुंडाळला, चहा की काय तो घेऊन बसली. आम्हाला पाहून हात केला. मैत्रीने केला. मग मीही.

संध्याकाळी. युद्धात गेलेल्यांसाठी आज देशभर दोन मिनिटं स्तब्धता. मिलिंदने सांगितलं होतं, पण सांगून कळण्यातलं नाही. आठ वाजले. ट्राम होती तिथे थांबली. सायकली थांबल्या, माणसं एक पाय टेकून उभी. हॉटेलातले वाढपी ताटं हातात घेऊन. एवढं शहर आणि पाण्याचा किनाऱ्याला लागण्याचा आवाज ऐकू येतो. दोन मिनिटं फार मोठी असतात. मला माणसांचा इतका धाक कधी वाटला नव्हता, आणि तो चांगला धाक होता.

मग ट्राम हलली.

मैत्री माझा हात ओढत, अर्धं डच अर्धं मराठी, डच तेवढं मिलिंदने उलगडलं: शाळेत युफने सांगितलं, युद्धात ज्यू मुलांना पोहण्याच्या तलावावर बंदी होती. पाटी लावली होती. "तुझ्या आजीसारखं."

"हो."

"मग ती पाटी कुणी काढली?"

मी म्हटलं, माणसांनी. कशी काढली ते सांगायला लागले आणि थांबले. तिने परत विचारलं, "आणि तुमची?"

"माझ्या आजीने आणि बाकीच्यांनी."

"मार खाऊन?"

"मार खाल्ला, तरी काढली. आता नाहीये ती."

"तू बघितलंस?"

"काय?"

"नाहीये ते. तू गेलीस पाण्यात?"

मी सदुसष्ट वर्षांची आहे. पाण्याचे हिशेब लिहिण्याची नोकरी केली. पाण्यात कधी गेले नाही.

सोम., ५ मे.

बॅगा भरल्या. मिलिंद-प्रज्ञा किल्ली द्यायला गेले. मी मैत्रीला घेऊन खाली उतरले. पुलाजवळ दगडी पायऱ्या थेट पाण्यात जातात. खालच्या शेवाळलेल्या. चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत ओढली, भिंतीतली कडी धरली आणि उतरले. पहिली पायरी, दुसरी, घोटे, पोटऱ्या.

थंडी म्हणजे काय ते मला आज कळलं. हाडात शिरते.

ओंजळ भरली.

वरून मैत्री ओरडली, "आजी, प्यायचं नाही. घाण आहे."

"ठाऊक आहे मला. डिझेलचा वास येतोय."

ओंजळ सोडून दिली. तिने पुलाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. सायकलवाले जात होते. एक माणूस कुत्र्याला घेऊन गेला. तिला काय बघायचं होतं ते मला माहीत होतं, म्हणून घाई केली नाही. पाय बधिर झाले तरी उभी राहिले.

"कुणी आलं?" मी विचारलं.

"नाही."

घरहोडीतली बाई तेवढी डोकावली. डचमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"अजून तीन पायऱ्या आहेत म्हणते. मग मस्त वाटतं."

"तिला सांग, पुढच्या वेळी."

मैत्री हसली. आठवड्यात पहिल्यांदा. वर आले तर प्रज्ञा उभी, दोन्ही हातांत पिशव्या. माझ्या ओल्या पायांकडे पाहिलं, तिच्या गळ्यातला स्कार्फ काढून पुसायला दिला.

गुरु., ८ मे. नायमेखन.

काल शेवटचा सराव. प्रज्ञाबरोबर गेले. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून काठावर बसायचं. मैत्री पाण्याखाली भोकापर्यंत गेली, हात आत घातला, परत वर आली. युफ म्हणाल्या, हातसुद्धा आजच गेला. परीक्षेला बसवते, शनिवारी बघू.

घरी आल्यावर माझं निळं सुती पातळ काढलं, नेहमीच्या वापरातलं, अजून चार वर्षं गेलं असतं. मधोमध ताट ठेवून खूण केली आणि कात्रीने गोल कापलं. प्रज्ञा "अहो आई" म्हणेपर्यंत कापून झालं होतं. दोन खुर्च्यांना बांधलं. मैत्री गालिच्यावर पोटावर झोपून, हात पुढे, डोक्याने आरपार. जेवायला बोलावलं तरी थांबेना.

"डोळे उघडे ठेवायचे," मला शिकवत होती. "नाहीतर भोक दिसत नाही. आणि मध्ये थांबायचं नाही. आता तू."

"माझा गुडघा."

"तू पण."

गेले. खांदे अडकले, गुडघा वाजला, पलीकडे मिलिंद दारात उभा, ऑफिसची बॅग खांद्याला. "आई?" एवढंच म्हणाला.

शनि., १० मे. सकाळ.

साडेनऊला निघायचं. मैत्रीने दूध अर्धं ठेवलं. जुने बूट, पॅन्ट, टीशर्ट पिशवीत स्वतः भरले.  प्रज्ञा दोनदा स्वयंपाकघरात येऊन काही न घेता गेली.

आत्ता पिशवी उचलून पाहिली, जड लागली म्हणून. तळाशी माझं निळं पातळ, घडी करून. आणि दोन टॉवेल. एक तिचा, डॉल्फिनचा. दुसरा मोठा, घरातला.

म्हटलं, "हा कुणाला?"

ती बुटाचा बंद बांधत होती. वर न बघता म्हणाली, "परीक्षा झाली की घरच्यांना पाण्यात येता येतं. युफ म्हणाल्या. छोट्या तलावात. तुझ्या इथपर्यंत येतं." आणि माझ्या कमरेला हात लावून दाखवलं.

मिलिंद खाली हॉर्न वाजवतोय. निघते.