मागच्या काचेवरचं नाव

प्रिय आई,

आज दुपारी दादा गाडी घेऊन धाराशिवला गेला आणि येताना तिच्या मागच्या काचेवर लाल रेडियमनं ‘आईचा आशीर्वाद’ असं लावून आला. म्हणून तुला लिहायला बसलेय. तू गेल्यापासून मी तुला एक ओळही लिहिली नव्हती. दोनदा बसले, पण रडू यायचं आणि कागद तसाच राहायचा. आज रडू येत नाहीये. आज राग आलाय, आणि रागात माझं अक्षर वळणदार येतं हे तूच सगळ्यांना सांगायचीस.

आधी गाडीचं सांगते. आपल्याकडं एसयूव्ही आलीय, सात सीटची. तिला नवी म्हणायचं नाही बरं का. तुझं वर्ष सरेपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही असं भावकीनं बजावलं होतं. पण दादाचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असंही त्याच भावकीनं सांगितलं. मुलीकडचे घर बघायला येणार, मग दारात मोठी गाडी हवी. त्यावर पारावर बसून तोडगा निघाला. “नवी न्हाय चालत, वापरलेली चालती.” म्हणून अशी गाडी शोधली, जी एकाच मालकानं जेमतेम फिरवलीय आणि जिच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. तुझ्यासाठी जुनी आणि पाहुण्यांसाठी नवी.

तू असतीस तर हे ऐकून पदर तोंडाला लावून हसली असतीस. तू सगळ्यावरच हसायचीस. माझी पहिली तक्रार तीच आहे.

आण्णांची दुधाची जीप आठवते ना? पुढं आण्णा, त्यांच्या शेजारी दादा. दादा नसला तर कुणी पाहुणा. पाहुणा नसला तर डेअरीतला कुणीतरी. मागं समोरासमोरच्या दोन फळ्यांवर तू, मी आणि दुधाचे कॅन. आपल्या बेंबळीतून गाडी निघाली की तू रुमालातलं कापलेलं लिंबू माझ्या नाकाशी धरायचीस. “डोळे मीट, लिंबू हुंग, पोटात कालवायचं न्हाय.” मला उलटी होऊ नये म्हणून तू किती शिकवलंस मला. पुढं जागा माग, एवढं एकच का नाही शिकवलंस?

कुणी विचारलंच तर तू म्हणायचीस, “मला मागंच बरं वाटतं, पुढं वारं लागतं.” खोटं होतं ते, आई. मागं ताडपत्रीच्या फटीतून येणाऱ्या धुळीनं तुझे केस पांढरे व्हायचे. आणि उतरल्यावर तू लगेच हसायचीस, कुणाला काही वाटू नये म्हणून. कुणाला काही वाटलंच नाही, एवढं तुला ते छान जमायचं.

मी बीएस्सी झाले तेव्हा आपण तुळजापूरला निघालो होतो. घरातली पहिली पदवी म्हणून आण्णांनी पेढे वाटले होते. मी जीपचं पुढचं दार उघडून म्हणाले, “आज आई पुढं बसेल.” सगळे थांबले. दादा फिस्सकन हसला आणि तू? तू माझ्या हाताला चिमटा काढलास. “गप बस. पुढं पुरुष माणसं बसत्यात. शिकलीस म्हणून शानपणा करू नको.” मग मलाही ओढून मागं नेलंस. पदवीच्या दिवशी मी दुधाच्या कॅनला टेकून तुळजापूरला गेले. त्या चिमट्याचा राग मी अजून सोडलेला नाही.

आणि तो शेवटचा दिवस. तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि जीप नेमकी दुरुस्तीला होती, म्हणून शेजारच्या पाटलांची उंच गाडी आणली. तुला मागं चढवता येईना. गुडघे वर उचलतच नव्हते. शेवटी दादानं तुला उचललं आणि पुढच्या सीटवर ठेवलं, सीट मागं झुकवली. मी मागून तुझं डोकं धरलं होतं. तुला श्वास पुरत नव्हता, तरी तू काय म्हणालीस? “मला हितं बसवलं, मग हे कुठं बसतील?” आण्णांच्या बसण्याची काळजी! मग रस्त्याला लागल्यावर, अगदी हळू, “पुढनं रस्ता असा दिसतो व्हय गं.”

आई, ह्या वाक्याचं मी काय करू सांग. दवाखान्यात पोचेपर्यंत तू दुसरं काही बोलली नाहीस. नंतरही नाही.

तर गाडी निवडायचं काम माझ्याकडं आलं. “मनी शिकलेली हाय, तिला मोबाईलवर सगळं कळतंय,” असं आण्णा म्हणाले. मी मनापासून केलं ते. सर्व्हिसच्या नोंदी कशा बघायच्या, टायर किती जुना ते कुठं छापलेलं असतं, रंग नंतर मारलाय का ते कसं ओळखायचं, सगळं वाचून काढलं. धाराशिवला तुळजापूर रोडला वापरलेल्या गाड्यांचं एक आवार आहे, तिथं आम्ही गेलो. आण्णा, दादा, मी आणि लोहाऱ्याची मावशी. तुझी बहीण तुझ्या मासिकाला आली होती. मीच तिला म्हटलं, चल. दादा कुरकुरला, “मावशीला गाडीतलं काय कळतंय?”

मावशी म्हणाली, “गाडीतलं न्हाय कळत रं बाबा. गुडघ्यातलं कळतंय.”

तिथं एक पांढरी गाडी होती. उंच, काळ्या काचांची, रानडुकरासारखं नाक. दादा तिला बघताक्षणीच मनानं स्वतःच्या लग्नात उभा राहिला. छताची काच उघडून त्यातून डोकं बाहेर काढून त्यानं दोन फोटोही काढले. मी माझी सगळी तपासणी केली. इंजिन ठीक, कागद ठीक, रंग मूळचा. तशी गाडीत खोट काहीच नव्हती.

मग मी मावशीला म्हटलं, सगळ्यात मागच्या रांगेत बसून बघ. त्यासाठी मधली सीट पुढं पाडायची, वाकायचं आणि उंबऱ्यापेक्षा दुप्पट उंच पायरी चढून आत शिरायचं. मावशीनं दोनदा पाय उचलला आणि दोनदा खाली ठेवला. गाडीवाल्यानं आतून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. “गाडीतच ठेवा हे मावशी, लई जण ठेवतेत.”

“मग गाडी कशाला?” मावशी म्हणाली. “शिडीच घेऊ की.”

गाडीवाला हसला. वाईट माणूस नव्हता तो. मला म्हणाला, “ताई, मागची सीट तशी लेकरांसाठी असती.”

“आमच्या घरात लेकरं नाहीत,” मी म्हटलं. “सगळे निघाले तर मागं कोण बसणार?”

त्यानं आधी आण्णांकडं बघितलं, मग मावशीकडं. “बायका बसत्यात की. अ‍ॅडजस्ट करून.”

टायरचा आकार सांगावा तसं सांगितलं त्यानं. आण्णांनी मान डोलावली. दादा तोवर गाण्यांचा आवाज वाढवून बघत होता. आणि आई, माझ्या डोळ्यांपुढं ताडपत्रीच्या फटीतली धूळ आली. मी म्हणाले, “आण्णा, तुम्ही मागं बसा.”

“म्या? म्या कशाला?”

“पैसे तुमचे, गाडी तुमची. सगळं बघितलंत, तेवढीच सीट बघायची राहिलीय. तुम्ही बसून एक चक्कर मारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.”

“येड लागलंय का तुला,” दादा म्हणाला. “लोकं बघायलेत.”

“बघू दे.”

मला वाटलं आण्णा ओरडतील. पण मावशीनं त्यांच्याकडं बघितलं. ती हसली नाही. तुमच्या दोघींत हाच फरक आहे. आण्णा वाकले, टोपी हातात घेतली आणि आत शिरले. गाडीवाला चालवायला, दादा त्याच्या शेजारी, मधे मी आणि मावशी. मावशी त्या स्टुलावर पाय ठेवून चढली.

बेंबळीच्या रस्त्याला आम्ही निघालो आणि एका फाट्यावरून परत फिरलो. जाऊन येऊन अर्धा तास. मी मागं वळून बघत होते. आण्णांचे गुडघे हनुवटीशी आले होते. प्रत्येक खड्ड्याला डोकं छताला लागत होतं. त्यांच्या बाजूला वीतभर काच होती, काळी, तिच्यातून ऊन कळत होतं फक्त. समोर आमच्या सीटच्या पाठी. दादा पुढून विचारत होता, “आण्णा, एसी येतोय का मागं?” आण्णा दोन्ही हातांनी आमच्या सीटची पाठ धरून होते.

आवारात आल्यावर त्यांना हात धरून उतरवावं लागलं. ते कडेच्या दगडावर बसले, चेहरा पांढरा पडलेला. मावशीनं पिशवीतून लिंबू काढलं. अर्थात होतंच तिच्या पिशवीत लिंबू. तिनं ते दातानं फोडून आण्णांच्या हातात दिलं. त्यांना त्याचं काय करायचं तेच कळेना. “हुंगा,” मावशी म्हणाली. “डोळे मिटून हुंगा, दाजी.”

आण्णांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “ती कशी बसत व्हती गं?”

मी म्हणाले, “हे तिला विचारायचं होतं, आण्णा.”

मग त्यांनी हातातल्या लिंबानंच कोपऱ्यातली दुसरी गाडी दाखवली. राखाडी, जरा बुटकी, रुंद दाराची. मावशी तिच्यात कुणाचा हात न धरता बसली आणि उतरली. दादा चिडला. “आण्णा, पाव्हण्यांपुढं ही असली बसकी गाडी उभी करायची?”

“पाव्हणं घर बघाय येणार हायती,” आण्णा म्हणाले. “गाडीत ऱ्हायला येणार हायती का?”

मी तिचीही तपासणी पुरी केली, आणि राखाडी घेतली. मागची रांग हिच्यातही अरुंदच आहे. ती मी घडी घालून ठेवलीय, तिथं पिशव्या जातील. पाचच्या वर माणसं झाली तर एसटी आहे, आणि त्या एसटीनं कोण जाणार ते दरवेळी नव्यानं ठरेल.

तुला वाटेल, पोरगी जिंकली, मग राग कसला? तोच तर राग आहे. अर्धा तास लागला, आई. एका माणसाला मागं बसवून फक्त अर्धा तास फिरवलं आणि त्याला सगळं कळलं. एवढं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत आण्णांना एकदाही मागं बसावंसं वाटलं नाही. दादाला वाटलं नाही. आणि तुलाही एकदाच, एकदाच म्हणावंसं वाटलं नाही, की आज तुम्ही बसा मागं, मला रस्ता बघायचाय? आण्णा नाही म्हणाले नसते, असं मला आता वाटतं, आणि म्हणूनच तुझ्यावरचा राग जास्त आहे. ते नाही म्हणाले असते तर निदान त्यांच्यावर तरी धड चिडता आलं असतं.

तर आज दुपारी गाडी दारात उभी राहिली. दादानं मला हाक मारून मागं नेलं आणि काचेवरचं नाव दाखवलं. त्याचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. “आईला किती आवडलं असतं ना?”

मी बघत राहिले. मागची काच. आत घडी घातलेली मागची सीट, आणि तिच्या बरोब्बर वर तू. पुन्हा तुला मागंच बसवलंय.

मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि खरवडायला लागले. दादानं माझा हात धरला. “मने, डोकं फिरलंय का? अपशकुन करायलीस! आईचं नाव हाय ते.”

“म्हणूनच.”

“लोकं काय म्हणतील?”

“म्हणू दे, ह्या पोरीला उलट्या व्हायच्या मागं बसून.”

ओट्यावर आण्णा बसले होते. ते म्हणाले, “सोड तिचा हात.” दादानं सोडला. मग आण्णांनी विचारलं, “पुढच्या काचेला लावू का मग?” त्यांना खरंच वाटत होतं की मी हो म्हणेन. मी म्हणाले, नाही, कुठंच नको. नाव लावलं की जागा दिल्यासारखं वाटतं आणि सगळे मोकळे होतात. तिची जागा द्यायची राहिलीय, ती राहिलीय असंच दिसू दे.

काचेवर अजून लाल चिकटपणा राहिलाय. उद्या रॉकेल लावून पुसेन.

आता एक शब्द देते तुला. मी शिकाऊ लायसन्सचा अर्ज केलाय. तुझं वर्ष सरेपर्यंत पक्कं मिळेल, मग पहिली फेरी लोहाऱ्याला, तुझ्या माहेरच्या रस्त्यानं. गाडी मी चालवणार. शेजारी मावशी बसेल, ते मी तिला सांगून टाकलंय. ती म्हणाली, “लोकं हसतील गं,” आणि मग लगेच म्हणाली, “काच खाली करता येती का पुढची?” वाटेत जे जे दिसेल ते मी मोठ्यानं बोलत जाणार आहे, तुला ऐकू येवो न येवो. आण्णा आणि दादा मागं बसतील.

लिंबू मी देईन त्यांना.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी मनी