दोन्हीतलं उत्तम

३ जानेवारी १९५५
निश्चय : चौथं मूल नाही. धाकट्या लीनाच्या वेळी सुमतीचं रक्त थांबता थांबेना. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, आज तपासताना पुन्हा बजावलं, की आता बाळंतपण झालं तर मी जबाबदारी घेणार नाही. मी म्हणालो, निश्चिंत राहा, मी हायस्कूलात सायन्स शिकवतो. बाई सुमतीकडे बघत राहिल्या.

९ जानेवारी
स्टेशनवरचे गुड्स क्लार्क रॉड्रिग्ज भेटले. त्यांच्या चर्चला कुठलंही साधन मंजूर नाही. बाईच्या महिन्यातले धोक्याचे दिवस ओळखायचे आणि तेवढे दिवस नवराबायकोंनी लांब राहायचं. ते म्हणाले, 'आम्ही दोघं बसून दिवस ठरवतो. तिने नाही म्हटलं की नाही.' पद्धत सुटसुटीत. पण त्यात religion फार.

१४ जानेवारी
संक्रांत. डॉक्टरीणबाईंकडची पुस्तिका वाचली. दिवस तेच, थर्मामीटर तोच. देवाधर्माचं नाव नाही. फरक एवढाच, धोक्याच्या दिवसांत साधन वापरायची मोकळीक. सुमती म्हणाली, बाईंनी मला ते दाखवलंय, घेऊन येऊ का? मी नको म्हणालो. दवाखान्यातला कंपाउंडर माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्याचा काका आहे.

२ फेब्रुवारी
दोन्ही पद्धतींचा तौलनिक अभ्यास पूर्ण. दोन्हीतलं उत्तम तेवढं घेतलं. रॉड्रिग्जकडून : साधन नको. पुस्तिकेतून : सक्तीचं ब्रह्मचर्य नको. उरलं शुद्ध सायन्स. यावर लेख लिहायला हरकत नाही.

१० फेब्रुवारी
तापमान पहाटे अंथरुणातून उठण्याआधी घ्यायचं असतं. सुमती माझ्या आधी उठते, त्यामुळे मी उठल्यावर घेतो. ती म्हणाली, 'चुलीपुढून उठून आलेय, पारा चढणारच.' लीनाच्या वेळेपासून तिची पाळीही मागेपुढे होते म्हणे. मी average काढला.

६ मार्च
आज पारा चांगलाच वर. चार्टप्रमाणे पारा चढला की काही दिवसांत धोका टळतो. पुस्तिकेत अर्ध्या डिग्रीची वाढ पुरते, इथे दोन डिग्री आहे. म्हणजे चौपट खात्री. थांबण्याची गरजच नाही. सुमती म्हणाली, अंगात कणकण आहे, आज नको. मी तिला चार्ट समजावून सांगितला.

८ मार्च
सुमतीला हिवताप. क्विनाईन आणलं. निष्कर्षाला त्याने बाधा येत नसावी.

१९ एप्रिल
ऊन भयंकर. सुमतीला उलट्या. उन्हाचं पित्त. कोकम सरबत सुचवलं.

२ मे
भांडी घासायला येणारी धुरपता मला अंगणात गाठून म्हणाली, 'गुरुजी, बाईले दिवस हायेत. तुमाले दिसून नाई राह्यलं का?' मी म्हणालो, चार्टमध्ये तसं काही नाही. ती भांडी घासायला बसली.

११ मे
डॉक्टरीणबाईंनी निदान केलं. मी चार्ट सोबत नेला होता. त्यांनी तो पाहिला नाही. म्हणाल्या, 'दोन्हींपैकी कुठलंही एक नीट केलं असतं तरी चाललं असतं हो.' भाषा अशास्त्रीय वाटली.

१५ मे
रॉड्रिग्जना सांगितलं. त्यांनी समोरचं मालाचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, 'आमच्यात साधन पाप आहे. पण सुमतीताई माझी बहीण असती ना मास्तर, तर मीच तुम्हाला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं.' धर्मनिष्ठ माणसात असा ढिलेपणा अपेक्षित नव्हता.

३ जुलै
सुमती थोरल्या शरयूला भात टाकायला शिकवते आहे. पोर दहा वर्षांची, पातेलं तिला उचलत नाही. मी म्हणालो, एवढी घाई काय? सुमती म्हणाली, 'यायला हवं तिला.' Domestic science. वाईट नाही.

२१ ऑगस्ट
पायांवर सूज. सुमतीने आपल्या बांगड्या आईकडे, हिंगणघाटला पाठवल्या. पोरींच्या नावाने ठेव म्हणाली. मी विचारलं, पावसाळ्यात चोऱ्या वाढल्यात का? तिने नुसतं हं केलं.

३० ऑक्टोबर
सुमती हल्ली कमी बोलते. विश्रांतीचा उत्तम परिणाम. लीना मात्र तिला सोडत नाही. सुमती तिला हळूहळू धुरपताकडे जायची सवय लावते आहे. तीन दिवस पोर रडली. आज रडली नाही. सुमती आत जाऊन पडून राहिली.

२६ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई म्हणतात, आतापासूनच दवाखान्यात ठेवा. ठेवलं. घर नीट चाललं आहे. आमचा मधू शर्ट उलटा घालून शाळेत गेला.

२ डिसेंबर
सकाळी आत नेलं. दुपार झाली. नर्सेस पळतात. कुणी काही सांगत नाही. सासूबाई बाकावर बसून आहेत. मी शेजारी बसायला गेलो तर त्या सरकल्या. जागा करून देण्यासाठी असावं.

संध्याकाळी. मुलगी होती. रडली नाही. रक्त थांबेना म्हणून बाईंनी गर्भाशय काढलं. सुमती आहे अजून. बाईंनी 'अजून' हा शब्द वापरला.

९ डिसेंबर
धोका टळला, असं आज बाई म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, सासूबाईंशी.

सुमतीजवळ बसलो. म्हणालो, आता यापुढे मी पूर्ण काळजी घेईन. ती म्हणाली, 'आता कसली?'

मग ती म्हणाली, मुलांना घेऊन आईकडे जाते. मी विचारलं, किती दिवस?

'दिवस तुम्ही मोजू नका.'

तिला तहान लागली होती. मी पेला भरून तिच्या ओठांशी नेला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. पाणी चादरीवर सांडलं. पण प्यायली ती स्वतःच.