हट्टी ज्येष्ठांची सोय

बाळा,

जेवण झाकून ठेवलं आहे, तुम्ही दोघं गरम करून घ्या. मी तुझ्या मावशीकडे जाते आहे.

हॉलमधला टीव्ही तुझ्या फोनला जोडलेला आहे, हे तू विसरलास. तू फोनवर जे शोधतोस, त्याच्या जाहिराती तो दुपारी मला दाखवतो. आधी बूट दाखवायचा, मग टकलावर लावायचं तेल. गेला आठवडाभर वृद्धाश्रम दाखवतोय. पांढऱ्या केसांची एक बाई बाकावर बसून हसते आणि मागून आवाज येतो, "हट्टी ज्येष्ठांनाही आम्ही प्रेमाने सांभाळतो." काल शेजारच्या काकू सोबत होत्या. म्हणाल्या, "अगंबाई, हे तर तुमच्यासाठीच दिसतंय!" बिचाऱ्या चेष्टेत म्हणाल्या. मलाही हसावं लागलं.

'हट्टी' हा शब्द तूच टाइप केला असणार. माझा स्वभाव त्या कंपनीला आणखी कोण सांगणार? सूनबाईवर ढकलू नकोस. तिचा फोन वेगळा, तिच्या जाहिराती वेगळ्या.

जाहिरातवाल्यांवर मी रागावत नाही. लोकांच्या घरात नाक खुपसून पोट भरणारी माणसं ती, त्यांची लायकी तेवढीच. पण जे त्यांना सांगितलंस, ते आईसमोर बोलायची तुझी छाती झाली नाही.

मला विचारलं असतंस, तर मी स्वतः जाऊन जागा बघून आले असते. टीव्ही घरात आला तेव्हा त्यानेसुद्धा आधी पडद्यावर 'परवानगी आहे का?' असं विचारलं होतं.

आई