दादासाठी माशाच्या तुकड्या

रविवार, ४ मार्च
बायकोने बातमी आणली. माझा मोठा भाऊ, दादा, पुढच्या रविवारी कायमचा परदेशात, त्याच्या मुलीकडे चाललाय. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. कारण क्षुल्लक. चारचौघांत तो म्हणाला होता, याला चहासुद्धा धड करता येत नाही. मी मुळीच मनावर घेतलं नाही. फक्त भरल्या ताटावरून उठलो आणि पुन्हा त्याच्याकडे गेलो नाही. तेव्हापासून तो रागावलाय. मोठ्यांनी एवढा राग धरू नये, पण चालायचंच. धाकट्यानेच मन मोठं करायचं.
संकल्प: दादाला जेवायला बोलवायचं. मासा मी स्वतः करायचा. जाड तुकड्या, लिंबू-लसणात मुरवलेल्या, वरून कुरकुरीत. बायको म्हणाली, आधी फोन करा. मी म्हटलं, आधी मासा.

सोमवार, ५ मार्च
व्हिडिओतली बाई म्हणते, अर्धा तास मुरवा. घाईच्या लोकांसाठी असणार. अर्ध्या तासात एवढी चव, तर रात्रभरात किती! लिंबं सढळ हाताने पिळली. फोन उद्या, चाखून झाल्यावर.

मंगळवार, ६ मार्च, संध्याकाळ
तुकड्या पांढऱ्याफटक. उचलायला गेलो तर काटा हातात आला, मासा भांड्यातच राहिला. बायको म्हणाली, एवढ्या आंबटात दुसरं काय होणार? मला वाटतं मासाच शिळा होता. मासेवाल्याला सुनावणार आहे.
फोन केला नाही. गाळ खायला कोणी बोलावतं का?

शुक्रवार, ९ मार्च
मासेवाल्याने उलट मलाच विचारलं, लिंबू किती वेळ ठेवलंत साहेब? मी विषय बदलला.
आज अर्धाच तास मुरवला. पण तवा तापायची वाट बघण्याइतका वेळ कोणाला असतो? तुकड्या चिकटल्या. कालथ्याने ओढल्या तर साल तव्यावर आणि बाकीचा चुरा. तव्यात दोष आहे. बायको म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. मग तोच चुरा पावात भरून खाल्ला आणि म्हणाली, चव छान आहे, आता तरी करा फोन. बायका फार लवकर समाधान मानतात.

शनिवार, १० मार्च
नवा तवा आणला. बायकोने जुनाच तवा घासून ठेवला. संध्याकाळी एवढंच बोलली, उद्या जातील हं ते. मला तारीख कळते.
ठरलं. उद्या सकाळी ताजा मासा, लगेच फोन, जेवण, मग विमानतळावर सोडायला मीच. छातीत धडधडतंय. चहा जास्त झाला असेल. त्याने फोन उचलून नुसतं ‘कोण?’ विचारलं तर?

रविवार, ११ मार्च, दुपार
मनासारख्या तुकड्या मिळेपर्यंत बाजारातून हललो नाही. घरी आलो तर टेबलावर उष्टी बशी. दादा येऊन गेला होता. टॅक्सी खाली उभी ठेवून. बायकोने मला सारखे फोन केले, गोंगाटात ऐकूच आले नाहीत. घरात परवाचा उरलेला चुरा होता, तोच तिने गरम करून दिला. मी केलाय हे कळल्यावर त्याने आणखी मागून घेतला म्हणे.
मी विचारलं, गेला का मग त्याचा राग? ती म्हणाली, कसला राग? दारातून वळून दादाच मला विचारत होते, तो अजून रागावलाय का माझ्यावर?
फोन लावला. बंद. विमान सुटलं असेल.
मला फार वाईट वाटतंय.
बायको विचारतेय, माशाचं काय करायचं. काय सांगू?