खडीखालची अंडी

बाबा,

पाऊस थांबलाय, पण ओढा अजून गढूळ आहे आणि मला घरात बसवत नाही. एडिनबराच्या दक्षिणेला, मेंढ्यांच्या कुरणांमधून वाहणारा हा ओढा. पूर्वी कुणीतरी तो कालव्यासारखा सरळ केला, तळातली खडी उपसून नेली. सॅमन मासे समुद्रातून इथवर यायचे, पण अंडी घालायला खडीच नव्हती. या उन्हाळ्यात आम्ही ती पुन्हा टाकली, पाण्याचा जोर मोडावा म्हणून झाडांचे ओंडके आडवे बसवले.

तुम्हाला हे काम कधी पटलं नाही. बर्मिंगहॅमच्या आपल्या किचनमध्ये मी मेडिसिन सोडतेय म्हटलं, तेव्हा तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळत होतात. "माणसं सोडून मासे?" एवढंच म्हणालात, आणि रस संपलेली फोड पिळत राहिलात.

परवाच्या पुरात ओंडक्यांमुळे पाणी शेजारच्या शेतकऱ्याच्या कुरणात चढलं. मेंढ्या कशाबशा वाचल्या. "उद्या खोदायचा डिगर आणून सगळं काढतोय," तो म्हणाला. मी त्याच्या दारात, भिजलेली. म्हटलं, "डिगर उतरला तर खडीतली अंडी चिरडतील. मेपर्यंत थांबा. पिल्लं बाहेर पडली की ओंडके मी स्वतः काढून देते."

"अंडी आहेत? आर यू शुअर?"

तेव्हा तुमचा वॉर्ड आठवला. शाळा सुटल्यावर मी तिथे कॉरिडॉरमध्ये बसायचे. इन्क्युबेटरमधल्या बाळाची आई विचारते, "वाचेल ना, डॉक्टर?" तुम्ही तिच्या शेजारी बसता, म्हणता, "माहीत नाही. पण मी इथेच आहे." घरी जाताना गाडीत मी तुमच्याशी भांडले. हो म्हणायला काय जात होतं तुमचं? "उद्याही तिला माझ्यावर विश्वास ठेवायचाय," तुम्ही म्हणालात.

मी शेतकऱ्याला म्हटलं, "हो, आहेत."

त्याने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "ठीक. मेपर्यंत." आणि माझ्यासाठी किटली चढवली.

मी पुराआधी खडीवर फक्त एक उजळ चट्टा पाहिला होता, बाबा. मादीने शेपटीने खडी उकरली की तसा दिसतो. नुसत्या प्रवाहानेही दिसतो. उकरून बघावं तर असलेली अंडीही जातील. रोज काठावर जाते, उगाच येरझाऱ्या घालते, परत येते.

तुम्ही असतात तरी हे पाठवलं नसतं. कारण तुम्ही विचारलं असतंत, आणि मला सांगावं लागलं असतं, की शेतकऱ्याने उद्या पुन्हा विचारलं तरी मी होच म्हणेन.