हर्षदाचा ठेका

शुक्रवार, संध्याकाळ. मरोळ.

उद्या पालकसभा, आणि चौथीच्या आरे कॉलनीतल्या सहलीचा व्हिडिओ आज एकदाचा झाला! फोटो टाकले की ते ऑनलाइन टूल आपोआप जोडून देतं, पण त्यातलं फुकटचं संगीत किती रडकं! मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंना दाखवलं, तर त्या घाबरून म्हणाल्या, "अगं, कोण गेलं?"

मग आठवली हर्षदा. रोज बाक वाजवणारी. सोमवारीच तिच्या वहीत मी लाल पेनाने लिहिलं होतं, 'वर्गात बाक वाजवते. पालकांनी भेटावे.' आज मीच म्हटलं, "वाजव गं, मी फोनवर रेकॉर्ड करते."

"टीचर, खरंच? ओरडणार नाही ना?"

असा ठेका धरला की अख्खा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. तोच फोटोंना लावला. गाईला घाबरून पळणारी पोरं आता चक्क नाचताना दिसतात. झकास!

पण ती लाल शाई काही डोक्यातून जाईना. एवढं काय बिघडलं होतं माझं? तिची आई उद्या मासळीचा धंदा सोडून तक्रार ऐकायला येणार. शेवटी फोन केला. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बाई, मी तिला खूप ओरडले. आता नाही वाजवणार."

"अहो, वाजवू द्या तिला! व्हिडिओत तिचं नाव येतंय. संगीत, हर्षदा."

मग बाजारातच त्या शेजारणीला ओरडून सांगताना ऐकू आल्या, "अगं, माझ्या पोरीचं नाव पिक्चरला येतंय!"